आईच्या मापाची विजेवरची सायकल : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५
आईला सायकल हवी आहे. बेलापूरच्या सेक्टर ८ मधील आर्टिस्ट व्हिलेजमधून ती आठवड्यातील सहा दिवस सीवूड्सला शिवणवर्ग घेण्यासाठी जाते. एका बाजूचे अंतर साडेपाच किलोमीटर आहे. जाताना उतार आणि पुढे सपाट रस्ता आहे, परंतु येताना पारसिक टेकडीच्या पायथ्याचा चढ लागतो, आणि कापडांची पिशवी घेऊन दमलेल्या अंगाने तो चढ चढणे एकोणसाठाव्या वर्षी तिला नको वाटते. लग्नापूर्वी तिने अनेक वर्षे सायकल चालवली आहे, त्यामुळे तोल सांभाळण्याची चिंता नाही. तिची उंची १४५ सेंटिमीटर आणि वजन ४३ किलो आहे. या प्रकल्पातील सगळ्या अडचणी या दोन आकड्यांतूनच येणार, असे मला आजच वाटते आहे.

काहीही विकत घेण्यापूर्वी मापे घेतली. आईला भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे केले, एक जाड वही दोन्ही पायांच्या मध्ये सीटसारखी घट्ट वर धरायला सांगितली आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत फीत लावली. पायाची आतली उंची ६६ सेंटिमीटर भरली. हात पुढे करून मुठीपर्यंतचे माप घेतले, आणि अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंतचेही. हे शेवटचे माप ब्रेकसाठी आहे आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते, असे माझे मत आहे.

१२ जानेवारी
तयार विजेच्या सायकली पाहण्यासाठी आईला घेऊन ठाण्यात दोन आणि वाशीत एका दुकानात गेले. बहुतेक सायकलींची चाके २६ इंच किंवा त्याहून मोठी होती. सीट अगदी खाली केली तरी जमिनीपासून ८० सेंटिमीटरच्या खाली येत नव्हती. मधली दांडी नसलेले एक मॉडेल होते, परंतु त्याच्या खालच्या नळीवर बॅटरीची लांब पेटी बसवलेली असल्यामुळे पाय ओलांडण्याची जागा पुन्हा उंच झाली होती. त्याचे वजन सुमारे २५ किलो होते. पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी हे वजन त्याच्या स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश होते. आईसाठी ते निम्म्याहून जास्त आहे. आमच्या घराच्या अंगणात शिरताना तीन पायऱ्या आहेत. चार्ल्स कोरिया यांनी ही वसाहत लहान लहान चौकांभोवती आखली आहे. ती राहायला फार सुंदर आहे, पण प्रत्येक घराशी चाकांवरून जाता येईल अशी मात्र नाही. त्या तीन पायऱ्या सायकल उचलूनच चढवायच्या आहेत.

२० इंची चाकांची एक घडीची सायकलही पाहिली. तिच्यावर आई सहज बसली आणि तिचे दोन्ही पाय पूर्ण टेकले. ती सायकल मी सहजासहजी नाकारली नाही. तरीही लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि धक्काही जास्त बसतो. आमच्या रस्त्यावर पावसाळ्यात खड्ड्यांची कमतरता नसते, आणि बिजागरीचे वजन धरून ती सायकलही २१ किलोची होती. दुकानातील मुलगा आईला म्हणाला, “मावशी, सवय होते.” माणसाने सायकलची सवय करून घ्यावी, हे मला पटत नाही. परतीच्या लोकलमध्ये ठरवले, की २४ इंची साधी सायकल घेऊन तिलाच मोटर बसवायची.

१९ जानेवारी
आज चढ मोजला. एक मीटर लांबीची सरळ फळी उतारावर ठेवली आणि तिच्यावर गवंड्याची पाणपातळी ठेवून खालच्या टोकाशी फळी सपाट होईपर्यंत उचलली. खालची फट पाच ठिकाणी मोजली, ती ४ ते ६ सेंटिमीटरच्या दरम्यान आली. म्हणजे चढ सरासरी ५ टक्के धरायला हरकत नाही.

हिशेब असा आहे : आई ४३ किलो, सायकल १९ किलो, पिशवी ५ किलो, एकूण ६७ किलो. ५ टक्के चढावर हे वजन सुमारे ३३ न्यूटन जोराने मागे ओढते. त्यात टायरचे घर्षण पाच-सहा न्यूटन. ताशी १२ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला ३.३ मीटरने जायचे, तर सुमारे १३० वॅट लागतात आणि हवेचा विरोध धरून १४० वॅट. त्यांपैकी ४० ते ५० वॅट आई स्वतः आरामात देऊ शकते. मोटरने चाकापर्यंत शंभर वॅट पोहोचवले तरी काम होते. मोठ्या मोटरची गरज भारी माणसाला असते. हलक्या माणसाला तिचे फक्त वजन वाहावे लागते.

कायद्याच्या बाजूनेही हेच सोयीचे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार, मोटरची तीस मिनिटांची (तेवढा वेळ सलग देता येणारी) शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल, आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताना किंवा पायडल मारणे थांबताच मोटरचे साहाय्य बंद होत असेल, आणि हे मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेले असेल, तर अशी पायडलची सायकल मोटार वाहन ठरत नाही. मोटरला किती वीज जावी हे ठरवणाऱ्या कंट्रोलरचा प्रवाह मी ६ अँपिअरवर बांधणार आहे. ३६ व्होल्ट गुणिले ६ म्हणजे २१६ वॅट आत जातात, आणि चाकाशी त्याहून कमी पोहोचतात.

२ फेब्रुवारी
सायकल मिळाली. नेरुळमधील एका कुटुंबातील मुलगी मोठी झाली म्हणून त्यांनी तिची २४ इंची सायकल विकायला काढली होती. पोलादी सांगाडा, पुढचे चाक धरणारा पोलादी साधा चिमटा, एकच गिअर, पुढे ३६ दातांचे आणि मागे १८ दातांचे चक्र, पूर्ण चेनकव्हर आणि वाकलेले मागचे मडगार्ड. वजन काट्यावर मी आधी एकटी आणि मग सायकल उचलून उभी राहिले, फरक १३.६ किलो आला.

चिमटा पोलादी असणे ही माझी मुख्य अट होती, कारण पुढच्या चाकात मोटर बसवायची आहे. हबमधील, म्हणजे चाकाच्या मध्यातील, मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तिचा आस तितक्याच जोराने उलट फिरू पाहतो, आणि तो जोर चिमट्याच्या खाचेला सोसावा लागतो. पोलाद थोडे वाकून सूचना देते. ओतीव ॲल्युमिनियम एकदम तुटते.

चाकावर खडूची खूण करून आईला सायकलवर बसवले आणि एक पूर्ण फेरा चालवत नेली. जमिनीवरील दोन खुणांमध्ये १ मीटर ९० सेंटिमीटर अंतर आले. चक्रांचे प्रमाण दोनास एक, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ३.८ मीटर जाते; ताशी १५ किलोमीटरला मिनिटाला ६६ फेरे. हे तिच्या पायांना योग्य आहे, त्यामुळे गिअरच्या भानगडीत पडायचे नाही.

९ फेब्रुवारी
आजचा पूर्ण दिवस सीट आणि पायडलच्या दांड्यांत गेला. या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच होता, असे मी मानते.

पायात पूर्ण ताकद यायची असेल, तर सीटच्या वरच्या कडेपासून सर्वांत खालच्या पायडलपर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या उंचीच्या १०९ टक्के ठेवावे, असा जुना ठोकताळा आहे. आईसाठी ते ७२ सेंटिमीटर होते. या सायकलचे पायडलचे दांडे १७० मिलिमीटरचे, म्हणजे पुरत्या वाढीच्या माणसाचे आहेत, आणि त्यांचा मध्य जमिनीपासून २७ सेंटिमीटरवर आहे. ठोकताळा पाळला तर सीट जमिनीपासून ८२ सेंटिमीटरवर जाते आणि थांबताना आईच्या पायाची बोटेसुद्धा टेकत नाहीत. आईची अट एकच आहे : “सिग्नलला मला पाय टेकता आले पाहिजेत. नाही टेकले तर मी चालवणार नाही.” ही अट अगदी रास्त आहे. शेजारून बस जात असताना एका पायाच्या अंगठ्यावर तोल सांभाळत उभे राहणे तिने का करावे?

सीट खाली आणत गेले. ७४ सेंटिमीटरवर आल्यावर चवडे नीट टेकू लागले. पण मग पायडल वर आले की गुडघा जवळजवळ छातीकडे येऊ लागला आणि दहा मिनिटांत तिला गुडघ्याच्या वाटीखाली ओढ जाणवली. येथे उपाय सीटमध्ये नव्हता, दांड्यांत होता. दांडा १७० ऐवजी १४० मिलिमीटरचा केला, तर पायडलचे वर्तुळ ३४ ऐवजी २८ सेंटिमीटरचे होते आणि वरच्या बाजूला गुडघ्याला तीन सेंटिमीटर मोकळीक मिळते. खालच्या बाजूला पाय तितकाच कमी ताणला जातो, म्हणजे ताकद थोडी कमी होते, पण ती उणीव भरून काढायला मोटर आहेच. मोटर नसती तर ही तडजोड मी केली नसती.

दिवाळे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मुलांच्या सायकलीचे १४० चे दांडे निघाले. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, हे मला ठाऊक असूनही मी पाना चुकीच्या दिशेला लावला होता. काकांनी न बोलता माझ्या हातातून पाना घेतला. संध्याकाळी आईने चौकात दहा फेऱ्या मारल्या. गुडघा दुखला नाही.

१६ फेब्रुवारी
मोटर आली. आत दातेरी चक्रे असलेली लहान हब मोटर, वजन २.२ किलो. तिला ३६ छिद्रे आहेत आणि सायकलच्या पुढच्या रिमला ३२. ही गोष्ट मी आधी तपासायला हवी होती. ३६ छिद्रांची २४ इंची रिम शोधण्यात आठवडा गेला असता, पण काकांनी मागच्या पडवीतून एक जुनी, न वापरलेली रिम काढून दिली.

मोटरची चकती साध्या हबपेक्षा फार मोठी असल्याने स्पोक आखूड लागतात. मी काढलेले माप १८६ मिलिमीटर होते. काकांनी मोठे स्पोक कापून त्यांना हाताच्या यंत्रावर नवे आटे पाडले. साध्या चाकात स्पोक एकमेकांना तीन वेळा ओलांडतात. येथे एकदाच ओलांडायचे, नाहीतर स्पोक रिममध्ये इतका तिरका शिरतो की निपलपाशी (टोकाच्या नटापाशी) वाकून तुटतो. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला त्यांना पाऊण तास लागला. काका नखाने एकेक स्पोक छेडत होते आणि आवाज बसका आला की पाव फेरा आवळत होते. त्यांचे डोळे चाकाकडे नव्हतेच.

आस चिमट्याच्या खाचेत शिरेना, म्हणून कानस घेऊन खाच दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर रुंद केली. आसाला उलट फिरू न देणारी लोखंडी पट्टी दोन्ही बाजूंनी लावली आणि पट्टीचे दुसरे टोक चिमट्याला क्लिपने घट्ट बांधले. या पट्टीशिवाय पुढच्या चाकात मोटर बसवू नये, मग ती कितीही लहान असो.

एक लहान गोष्ट : वेग दाखवणाऱ्या मीटरमध्ये चाकाचे माप कारखान्यातून २६ इंच दिलेले होते. ते २४ न केल्यास प्रत्यक्षात ताशी २३ किलोमीटर असताना मीटर २५ दाखवतो. बदलले.

२३ फेब्रुवारी
बॅटरी कोठे ठेवायची हे ठरवण्यासाठी बॅटरी बनवून घेण्याआधी दोन किलो तांदळाची पिशवी वापरली, कारण तयार बॅटरीचे वजन तेवढेच होणार होते. प्रथम मागच्या कॅरिअरवर बांधली. शिवणवर्गाची पाच किलोची पिशवीही तेथेच जाते. स्टँडवर लावताना सायकल मागे झुकली आणि आईला ती सावरताना दोन्ही हात लावावे लागले. मग तांदूळ पुढच्या टोपलीत ठेवले. उभ्या सायकलचे हँडल आपोआप एका बाजूला वळू लागले. शेवटी सीटच्या उभ्या नळीला, पुढच्या बाजूने, पायडलच्या आसाच्या वर बांधले. वजन खाली आणि मध्यभागी आले, आणि पाय ओलांडण्याची जागा त्याच्या पुढे असल्याने मोकळीच राहिली. फक्त गुडघे घासू नयेत म्हणून पेटीची रुंदी आठ सेंटिमीटरच्या आत हवी.

१८६५० मापाचे सेल १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे असतात. दहा सेलच्या तीन रांगा केल्या, तर सेलचा गठ्ठा १९ सेंटिमीटर उंच, साडेपाच रुंद आणि साडेसहा खोल होतो. प्रत्येकी २.६ अँपिअर-तासाचे तीस सेल म्हणजे ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-तास, सुमारे २८० वॅट-तास. हे काम मी घरी करणार नाही. मी विजेच्या देखभालीत नोकरी करते, म्हणूनच लिथियमच्या सेलना घरच्या टेबलावर पट्ट्या डाग देण्याचा धोका मला चांगला कळतो. बॅटऱ्या बांधणाऱ्या कारागिराला मापे, संरक्षक सर्किटची अट आणि पेटीचा नकाशा दिला.

९ मार्च
बॅटरी १.९ किलोची भरली. पूर्ण चार्जला ४१.९ व्होल्ट, म्हणजे ठीक. वायरिंग केले. कंट्रोलर सीटखालच्या पिशवीत, वायरींची तोंडे खाली.

मोटरच्या किटसोबत आलेले ब्रेकचे दांडे आईच्या बोटांना पोहोचेनात. मूठ सैल करून पुढे सरकवल्याशिवाय तिला ब्रेक लागत नव्हता, आणि घाईत कोणी मूठ सरकवत बसत नाही. म्हणून मुलांच्या सायकलीचे मूळचे आखूड दांडे ठेवले, त्यांचा स्क्रू आवळून दांडा मुठीच्या आणखी जवळ आणला आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा सेन्सर वेगळा घेऊन ब्रेकच्या तारेवर बसवला. खर्च थोडा वाढला, पण ब्रेक हाताच्या मापाचा नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे.

पायडलची गती ओळखणारी चुंबकांची चकती उजव्या बाजूला चेनकव्हरमुळे बसेना. चेनकव्हर काढायचे नव्हते, कारण आई पंजाबी ड्रेस घालते आणि सलवार चेनमध्ये अडकण्याची भीती खरी आहे. चकती डाव्या बाजूला बसवली. पायडल पुढे मारले तर काहीच होईना आणि मागे फिरवले तर मोटर सुरू होऊ लागली. बाजू बदलल्याने चकती सेन्सरसमोरून उलट दिशेने जात होती. चकती पालथी करून बसवली आणि प्रश्न सुटला.

१६ मार्च
पहिली चाचणी, आणि पहिला खरा दोष. आई सायकलवर चढताना डावा पाय पायडलवर ठेवून उजव्या पायाने जमीन ढकलत जाते, जशी आपल्याकडच्या अनेक बायकांची सवय आहे. पायडल थोडे फिरले, सेन्सरने ते चालवणे मानले आणि आई सीटवर बसण्याआधीच सायकल पुढे निघाली. तिने ब्रेक दाबला म्हणून मोटर थांबली. लागले नाही, पण ती घाबरली आणि मीही घाबरले.

अशा सेन्सरला फक्त पायडल फिरते आहे एवढेच कळते, किती जोराने ते कळत नाही. आणि तोच धक्का हलक्या माणसाला जास्त जाणवतो : त्याच जोराने सायकलसह ६१ किलोला मिळणारी वेगवाढ ९३ किलोच्या (पंचाहत्तर किलोचा माणूस आणि सायकल) दीडपट असते. म्हणजे जी सुरुवात दुकानातील तरुणाला मऊ वाटते, ती आईला झटका वाटते. मोटर सुरू होण्यापूर्वी सेन्सरने मोजायच्या चुंबकांची संख्या वाढवून पायडलचा जवळजवळ पाऊण फेरा होईपर्यंत काहीच होणार नाही, असे केले; मोटरच्या साहाय्याच्या पहिल्या पातळीचा प्रवाह निम्मा केला आणि तो हळूहळू चढेल अशी व्यवस्था केली. संध्याकाळी आईने रिकाम्या चौकात वीस वेळा चढ-उतर केली. विसाव्या वेळी ती म्हणाली, “आता ती माझी वाट बघते.”

३० मार्च
गुढीपाडवा. गुढी उभारून झाल्यावर आईने सायकलला हळद-कुंकू लावले आणि आम्ही सीवूड्सपर्यंत गेलो. मी माझ्या सायकलवर मागे. बेलापूर स्थानक, महापालिकेच्या मुख्यालयाचा किल्ले चौक, पुढे करावेच्या बाजूने आतला रस्ता. येताना चढावर तिचा वेग ताशी १३ होता आणि ती माझ्याशी बोलत होती. मला उत्तर द्यायला दम पुरत नव्हता. सायकलचे अंतिम वजन १८.४ किलो. अंगणाच्या तीन पायऱ्या ती एकटीने चढवते : आधी पुढचे चाक वर, मग सीट धरून मागचे.

२७ एप्रिल
दोन दिवसांच्या २२ किलोमीटरनंतर चार्जिंगला ०.२४ युनिट वीज लागली. एक दिवसाआड चार्ज करणे पुरते.

२६ मे
पाऊस आज मुंबईत पोहोचला, इतक्या लवकर की पुढच्या मडगार्डला रबराची झडप लावायचे राहूनच गेले होते. मोटरची वायर आसातून बाहेर पडते तेथे तिला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता झोळाच्या तळाशी गळते. जोडांवर रबरी नळी चढवली.

१५ जून
ओल्या पेव्हर ब्लॉकच्या चढावर पुढचे चाक जागच्या जागी फिरले. मोटर पुढे असण्याचा हा तोटा आहेच, आणि आईचे वजन कमी, त्यात पिशवी मागे, म्हणून पुढच्या चाकावर भारच नव्हता. पावसाळ्यात पिशवी पुढच्या टोपलीत ठेवायची आणि ओल्या चढावर पहिलीच पातळी वापरायची, असे ठरले. टोपलीमुळे उभ्या सायकलचे हँडल वळते, म्हणून चिमटा आणि खालच्या नळीच्या मध्ये एक स्प्रिंग लावली. आजच्या पावसात तीच चढण पुन्हा करून पाहिली. चाक सुटले नाही.

१३ जुलै
मागच्या आठवड्यात तपासताना पुढच्या चाकाचा उजवा नट पाव फेरा सैल झालेला आढळला. दात असलेला वॉशर मी खाचेच्या बाहेरच्या बाजूला उलटा बसवला होता, चूक माझीच. वॉशर नीट बसवून नट पुन्हा आवळले आणि नटापासून चिमट्यापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली, म्हणजे नट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. आईला दाखवून ठेवले आहे. ती रोज निघताना पिशवी टोपलीत ठेवते, वाकून दोन्ही रेघा पाहते, मग कुलूप काढते. आज मीटरवर ९३२ किलोमीटर झाले आहेत. रेघा अखंड आहेत.